मेट्रनच्या खणातलं पाकीट

धाकटीने पाकिटाच्या तोंडाला डिंकाचा एक थेंब लावला, अंगठ्याने दाबून धरलं आणि मनात वीसपर्यंत मोजलं. पाकीट पुन्हा कोरं करकरीत दिसायला लागलं. आतला मास्क मात्र कोरा नव्हता. साथीच्या वॉर्डातले सात नंबरचे आजोबा दुपारभर तो लावून खोकत होते. "आजोबा, आज हा जाड मास्क लावा," एवढंच ती त्यांना म्हणाली होती. आजोबांनी वर तिला आशीर्वादही दिला होता.

मेट्रन चारलाच घरी गेली होती. धाकटीने पाकीट तिच्या टेबलाच्या खणात होतं तसं ठेवलं. 

धाकटी आणि थोरली सख्ख्या बहिणी, दोघीही याच हॉस्पिटलात नर्स. साथ आली तशी मास्कांची चणचण झाली आणि वरून हुकूम निघाला. नर्सने एक मास्क आठवडाभर पुरवायचा. ड्युटी संपली की तो कागदी पिशवीत घालायचा, पिशवीवर आपलं नाव लिहायचं आणि ती कपडे बदलायच्या खोलीत आपापल्या खिळ्याला अडकवायची. मेट्रनला सगळे वॉर्ड फिरावे लागतात म्हणून तिला तेवढा रोज नवा.

थोरलीच्या मास्कचा पट्टा तिसऱ्याच दिवशी तुटला. ती मेट्रनकडे गेली तेव्हा धाकटी दारातच उभी होती.

"आठवडा कुठे झालाय अजून?" मेट्रन म्हणाली. "टाका घालून घे."

टेबलावर त्या वेळी एक बंद पाकीट पडलेलं होतं. धाकटीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"चला, आयुष्यभर दुसऱ्यांना टाके घातले, आज स्वतःला," असं हसत म्हणून थोरलीने पांढऱ्या दोऱ्याने पट्टा शिवला. अठराव्या दिवशी ती गेली.

घरात मग दोनच माणसं उरली आणि बोलायला एकच विषय. धाकटी संध्याकाळी आंघोळ करून आली की आई ताट वाढता वाढता विचारायची, "आहे का ती अजून धडधाकट?"

"आहे."

"असायचीच. तिला काय धाड भरलीय!" आई म्हणायची आणि पळी भांड्यावर आपटायची.

धाकटीला त्या सुडानेच उभं ठेवलं होतं. वॉर्डातल्या बाकी सगळ्या नर्स एकेकदा अंथरुणाला खिळून आल्या, हिला साधी शिंक आली नाही. मास्कलाही ती जिवापाड जपायची. इतरांच्या मास्कचा दोन दिवसांत बोळा व्हायचा, हिचा रोज सकाळी ताठच्या ताठ.

"काय गं, इस्त्रीला टाकतेस की काय?" वॉर्डातली झाडलोट करणारी मावशी चिडवायची.

"नीट ठेवावा लागतो, मावशी. वेंधळेपणा करून कसं चालेल?" धाकटी म्हणायची. आपल्याला एवढ्यात मरायचं नाही, आधी तिला जाऊ दे, हे ती मनातल्या मनात म्हणायची.

पाकीट खणात ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली तेव्हा मेट्रन व्हरांड्याच्या टोकाला कुणाला तरी झापत होती. ती नेहमीच सगळ्यांच्या आधी तासभर यायची. हल्ली ती मास्कवरून आणखी एक हिरवा कापडी मास्क बांधायची, तो आजही होताच. इथे माणसं मरताहेत आणि हिला नटायला सुचतंय, असं वाटून धाकटीचं डोकं तडकलं. काहीतरी निमित्त काढून ती मेट्रनच्या खोलीत डोकावली. टेबलाखालच्या टोपलीत फाडलेलं पाकीट पडलं होतं.

तिला इतका आनंद झाला की रडू यायचंच बाकी राहिलं. खिळ्यावरची पिशवी काढून तिने आपला मास्क चढवला आणि दिवसभर दुप्पट हुरूपाने काम केलं.

"फाडलं तिने पाकीट," घरी आल्या आल्या तिने आईला सगळं सांगितलं.

आईने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या लेकीच्या जिवाला आता थंडावा मिळेल." त्या संध्याकाळी दोघी एका ताटात जेवल्या. कित्येक महिन्यांनी आईने तिला स्वतःच्या हाताने घास भरवला.

मग वाट बघणं सुरू झालं. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मेट्रन आपली टाचा आपटत सगळ्या वॉर्डांतून फिरत होती. चौथ्या दिवशी तिने धाकटीला उगाचच थांबवून विचारलं, "जेवणखाण नीट करतेस ना?" धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाचव्या दिवशी सकाळी धाकटीने हातावर स्पिरिट घेतलं आणि तिला वासच आला नाही. तिने दुसरी बाटली उघडली, नाकाशी धरली. त्या बाटलीलाही वास नव्हता.

आठव्या दिवशी ती त्याच वॉर्डात खाटेवर होती, नाकातोंडावर ऑक्सिजन लावलेला. शेजारच्या खाटेवर आई होती. आईने कालपासून डोळे उघडले नव्हते.

दुपारी मेट्रन आली. धाकटी जीव कानात आणून ऐकत होती, हिला एक तरी खोकला यावा. तो काही आला नाही. मेट्रनने आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, मग स्टूल ओढून धाकटीजवळ बसली आणि तिचा हात हातात घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

"थोरलीच्या वेळी मी चुकले गं," ती म्हणाली. "म्हणून तेव्हापासून रोज सकाळी तू यायच्या आत माझा नवा मास्क तुझ्या पिशवीत घालत आले, आणि स्वतः जुन्या मास्कवरच कापड बांधून फिरले. मग पोरी, तुला हे झालं तरी कुठून?"