सातेरीला दिलेला शब्द

मानमोडीच्या तापाने गावात घरटी एक मढं निघत होतं, तेव्हा म्हाताऱ्या सोमीचा नातू परशूही तापला. सोमीने राईतल्या सातेरी देवीच्या वारुळापुढे डोकं टेकून सगळ्यांदेखत शब्द दिला, "आये, माझा जीव घे, पर पोराचा ठेव." पोर उठून बसलं, पेज प्यायलं. म्हातारीही धडधाकट राहिली. पुढच्या अमावास्येला पोराचं अंग पुन्हा तापलं. त्या दुपारी सोमीने ताट पुढे केलं, तर सून गंगीने भात वाढला नाही. "आत्ती, देवीला दिलेला शब्द मोडला तर ती दुप्पट घेती, तुम्हीच शिकवलंय न्हवं?" "गंगे, ती माझी आई हाय!" झिलू ओरडला. "आन् ह्यो तुझा ल्योक न्हाई?" झिलू तापलेल्या पोराच्या उशाशी जाऊन बसला. "पोरीचं बरोबर हाय," सोमी म्हणाली. तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि राईत जाऊन वारुळापाशी उपाशी बसली. त्याच रात्री ताप उतरला. झिलू आईला आणायला निघाला, तर गंगी दारात आडवी झाली. "पोर खेळाय लागू दे, मग जावा." आठव्या दिवशी पोर अंगणात खेळायला लागल्यावर झिलू राईत गेला आणि आईला पाठुंगळी घेऊन आला. ती केव्हाच थंड पडली होती. गंगीने अंगणात तिला हळदकुंकू लावलं आणि परशूला पुढे ढकललं. "पाया पड. आजीगत भक्ती ह्या घरात कुणाचीच न्हवती."