आदिमायेची कुंची

त्या दिवशीही आदिमाय रडली नाही. काचेपलीकडे आपल्या पोराच्या अश्मीभूत हाडांशेजारी ती नुसतीच बसून राहिली. सहलीला आलेली मुलं कंटाळली, बाईंनी तक्रार केली.

लाखो वर्षांपूर्वीच्या या आदिमानव आईला एका दाताच्या जीवाश्मातून संग्रहालयानं पुन्हा जिवंत केलं होतं, पोराच्या शेवटच्या आठवणीसकट. प्रत्येक शोला ती जागी व्हायची, पोर शोधायची आणि हाडं दिसली की हंबरडा फोडायची. मग तिला निजवून त्या शोची आठवण पुसायचं काम कुमुदचं.

"पुसलं तरी काहीतरी मागे उरतंय, साहेब," कुमुद म्हणाली. "तिचं रडणंच आटलंय."

"मग पोरही जिवंत करू," संचालक इनामदार म्हणाले.

कुमुदचा जीव भांड्यात पडला. घरी जाऊन तिनं आईच्या जुन्या लुगड्याची मऊ कुंची शिवली.

बाळ तयार झालं तेव्हा तिनंच ते आदिमायेच्या ओंजळीत ठेवलं. आदिमायेनं त्याला हुंगलं, छातीशी घट्ट धरलं आणि ती पहिल्यांदाच हसली. कुमुदनं बाळाला कुंची घातली, कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली.

मागून इनामदार म्हणाले, "झकास! आता शो सुरू झाला की बाळ काढून घे. कुंची तेवढी तिच्या हातात राहू दे."

कुमुदनं बाळाच्या कुंचीवर हात ठेवला. "पण... नंतर बाळ परत द्यायचं ना?"

"म्हणजे काय! रोज द्यायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी रडेल कशी?"