नेलपॉलिशचा टिपका

सुलक्षणाचा लिनक्सवरचा कॉम्प्युटर एखाद्या सकाळी चालूच व्हायचा नाही. काम घरूनच, त्यामुळे त्या दिवशी साहेबांची बोलणी खाणं ठरलेलं. “हाई काय नोकरी शे?” म्हणत सासूबाई नाक मुरडायच्या. नवरा, कुंदन, मात्र रजा टाकून तिच्यासोबत खटपट करत बसायचा.

शेवटी धुळ्याच्या बाजारातून दुरुस्तीवाला अरशद आला. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला. “ताई, लिनक्स सिस्टिम ठणठणीत आहे. आतली रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी सैल केलेली आहे, आणि ती आपोआप सैल होत नाही.” मग हळूच म्हणाला, “झाकणाचा हा स्क्रू हातानंच फिरतो. त्यावर नेलपॉलिशचा टिपका लावून ठेवा. कुणी उघडलं तर कळेल. दुकानात आम्ही हेच करतो.”

तिने कुणाला न सांगता लाल टिपका लावला. संशय कुणावर, हे तिला स्वतःला विचारावंच लागलं नाही.

सोमवारी कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. टिपका फुटलेला होता. ती तणतणत सासूबाईंच्या खोलीकडे निघाली, तोच कुंदन चहा घेऊन आडवा आला.

“सोडून दे ना ती नोकरी. तुझे हाल बघवत नाहीत मला.”

कप धरलेल्या त्याच्या अंगठ्याच्या नखात लाल चुरा अडकला होता.