दर मंगळवारी

गावोगावच्या एकट्या म्हाताऱ्यांना भेटायचं काम माझं. फुलसावंगीजवळच्या तांड्यात राहणाऱ्या भुरीबाईकडे मात्र मी तीन महिने गेलेच नव्हते. दर मंगळवारी घरी बसून भेटीच्या वहीत तिच्या नावापुढे माझाच अंगठा उमटवायचे.

आज लाजेकाजेस्तव गेले. शाईचा अंगठा पदरात लपवला.

"याडी, माय माझी, माफ कर. तीन महिने मले येणं झालं नाही."

"कायले खोटं बोलतं? दर मंगयवारी तर येतं तू. त्या बाजेवर बसतं. बोलत मात्र नाही."

तिनं चहा तीन कपांत ओतला. एक स्वतःला घेतला, एक मला दिला. तिसरा कोपऱ्यातल्या रिकाम्या बाजेपाशी ठेवला.

मग बाजेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज दोघी काहून आल्या वं?"