नवे तेवढेच शब्द

तुमसरच्या स्टँडवर वच्छला सिहोऱ्याच्या गाडीत चढली. सासरहून, सानगडीहून, निघाल्यापासून ही तिची चौथी गाडी होती. कंडक्टरने पिशवी वर ठेवायला मागितली, ती तिने दिली. पदराखाली छातीशी धरलेली जाड वही मात्र दिली नाही.

सकाळीच निरोप आला होता. शेजारच्या तणशीच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाला आग लागली आणि तिच्यात तिच्या वडिलांची, यादोराव गुरुजींची, पुढची खोली गेली. गुरुजी सुखरूप आहेत. त्यांची वही जळाली.

ती वही म्हणजे काय होती, हे वच्छलाला कोणी सांगायला नको होतं. तिचे वडील कितीतरी वर्षांपासून झाडीपट्टीतल्या माणसांच्या तोंडचे शब्द गोळा करत होते. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालला असला की शेतात बांधीच्या धुऱ्यावर जाऊन उभे राहत. बाया हसत, चिखलाचं पाणी अंगावर उडवत, आणि गुरुजी धोतर सावरत लिहून घेत. आई गेली, एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं, घरात त्यांच्याशी बोलायला कोणी उरलं नाही. शब्द गोळा करणं थांबलं नाही.

लग्नानंतर सुरुवातीला त्यांची लांबलचक पत्रं येत. सासरे गोमाजी एकदा ओसरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाची पत्रं येऊन राहिली, त सूनबाईचं मन घरात कसं लागंल?" कोणीतरी ते सिहोऱ्याला पोचवलं असावं. पत्रं बंद झाली. तीन महिने काहीच आलं नाही. मग एक कार्ड आलं.

"चि. वच्छलास आशीर्वाद. वहीची एक प्रत दुसऱ्या गावी असलेली बरी. लग्नाआधी तू केलेली जुन्या शब्दांची नक्कल तुझ्याजवळ आहेच. दर आठवड्याला नवे तेवढेच शब्द पाठवीन. उतरवून घ्यावेत. शेवटचा आकडा उलट टपाली कळवावा." खाली सहा शब्द होते, आकडे घालून. पुंजणं, म्हणजे कापलेल्या धानाची रास. बोडी, म्हणजे लहान तळं. बस.

गोमाजींनी कार्ड वाचलं. "हे त शाळेचं काम दिसते," म्हणाले आणि तिच्या हाती दिलं.

तेव्हापासून सहा वर्षं दर आठवड्याला कार्ड येत होतं. एकदा पावसाळ्यात एक गहाळ झालं. चारशे बारानंतर एकदम चारशे वीस आला, तेव्हा तिने कळवलं, आणि पुढच्याच टपालाने मधले सात शब्द आले. गुरुजींच्या कामात हयगय नव्हती. तीही चुलीचं आवरलं की शब्द उतरवी, दोनदा ताडून पाही, आणि उत्तराच्या कार्डावर एकच ओळ लिही: अमुक आकड्यापर्यंत मिळाले. कार्डावर माहेर तेवढं नसे. अंगणातल्या जांभळीला फळ धरलं का, रात्री जेवता की नुसतं पाणी पिऊन झोपता, यातलं काही नाही. ती अक्षराकडे बघत बसे. अक्षर वाकडं आलं, तर बाबांना ताप असेल, असं समजे. तू कशी आहेस, एवढं लिहायला कितीशी जागा लागली असती? कार्डाची एक बाजू तर अर्धी कोरीच असायची.

आज मात्र तिला राग नव्हता. दोन हजार एकशे चौदा शब्द तिच्या छातीशी होते. बापाचं सगळं गेलं होतं आणि ते परत द्यायला ती एकटी निघाली होती. घरी कोणाला विचारलंही नव्हतं, सांगितलं होतं.

गुरुजी शाळेच्या ओट्यावर बसले होते. भुवई जळालेली, सदऱ्यावर काजळी. तिला पाहून ते उठले.

"कोणासंगं आली?"

"एकटीच." तिने वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. "घ्या बाबा. एकबी शब्द गेला नाही."

त्यांनी वही उघडली. तिच्या अक्षरावरून बोट फिरवत राहिले.

शेजारी त्यांचे जुने सहकारी परसराम गुरुजी उभे होते. त्यांना राहवलं नाही. ते आत गेले आणि शाळेच्या कपाटातून दोन जाड रजिस्टरं घेऊन आले.

"एवढी धावत कायले आली, पोरी? वही जळाली, पण शब्द त सारे इथं आहेत. दर दिवाळीले मी पुऱ्या वहीची नक्कल करतो. मधातले नवे शब्द हे शनिवारी आणून देतात. दोघं बसून ताळाबी करतो. तुझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे हे."

वच्छलाने शेवटचं पान उघडलं. दोन हजार एकशे चौदा. तोच शब्द, तोच आकडा. तिचे हात एकदम रिकामे झाले. सहा वर्षं चुलीपाशी बसून तिने राखलेलं कोणालाच लागणार नव्हतं.

"मग मले काहून लिहायले लावलं, बाबा?" तिचा आवाज फाटला. "आणि लावलंच, त सालातून एकदा सारे शब्द पाठवून दिले असते. हप्त्याच्या हप्त्याले कायले?"

परसराम गुरुजी रजिस्टरं उचलून आत निघून गेले. यादोराव गुरुजींनी वही मिटली नाही. मान खालीच ठेवून ते म्हणाले,

"सालातून एकदा पाठवलं असतं, त बाकीचे एकावन्न हप्ते तू बरी आहे का नाही, हे मी कोणाले इचारलं असतं?"