नरसोबाचं सोंग

पेठच्या घाटात जीप तापली, तेव्हा बहिरूने पुन्हा बोलून पाहिले. "अजून बी सांगतो, परत फिरू. तुला खोकला हाय."

"माझ्या खोकल्याचं बघते मी," चतुराबाई म्हणाली.

शिमगा झाला की डोंगरातल्या गावांत बोहाडे सुरू होत. लाकडी मुखवटे चढवून देवांची सोंगे रात्रभर नाचत, उजाडले तरी नाचत. त्यांचा वाल्मीक नरसोबाचे सोंग काढायचा. त्याने जातीबाहेर लग्न केले, बापाने उंबऱ्यावरून हाकलले, आणि पोरगा गेला तो गेलाच. पण बोहाड्याशिवाय तो राहणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. दर शिमग्याला बहिरू एकटाच गावोगाव हिंडून यायचा आणि पाय धुता धुता सांगायचा, "पत्ता नाय."

चतुराबाईने नवऱ्याचा अपराध केव्हाच पोटात घातला होता. हाकलणारा तो, तसा शोधत हिंडणाराही तोच. यंदा मात्र तिने हट्ट धरला. डोळे मिटायच्या आधी लेकाचे तोंड बघायचे, बस्स.

दोन-तीन गावे झाली. नरसोबा सगळीकडे होता, वाल्मीक कुठेच नव्हता. बहिरू परतीचे बोलू लागला, तेवढ्यात ड्रायव्हर गोटीराम म्हणाला, "मावशी, डोंगराच्या पल्याड माझ्या मेव्हण्याचं गाव हाय. तिथला नरसोबा लय भारी नाचतो."

"तिथं काय नाय," बहिरू म्हणाला.

"बघून तर घेऊ." चतुराबाईने सांगितले आणि जीप वळली.

पोचले तेव्हा उन्हे वर आली होती. संबळ वाजत होता. नरसोबा डावा पाय टाकताना जरासा थबकायचा, वाल्मीक लहानपणापासून थबकायचा तसा. चतुराबाईने बहिरूचा दंड धरला.

"आपला वाल्मीकच हाय त्यो. पाय बघा."

"पाय समद्यांचे सारखेच."

मुखवटा उतरायचा तो पडद्याआड, आणि तिथे बायांना मज्जाव. बहिरू आत गेला. बऱ्याच वेळाने आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"नाय. दुसराच पोरगा हाय. तू जीपकडं हो, मी नारळ फोडून येतो."

बिचाऱ्याला किती लागले असेल! तिला त्याची दयाच आली. ती जीपकडे निघाली.

जीपजवळच्या आंब्याखाली एक तरुण बाई पोरीला भाकर भरवत होती. पोरीच्या गळ्यात साखरेचा हार, अंगात कोरा फ्रॉक.

"नाव काय गं तुझं?"

"चतुरा."

म्हातारीला मौज वाटली. "माझं बी त्येच. आन् नाचात कोन हाय तुमचं?"

"नरसोबा," पोरगी म्हणाली. "माझा बा."

"लय ग्वाड नाचतो हो." चतुराबाईने पोरीच्या गालावरून हात फिरवला. पडद्याआडचा तो परका पोरगा हिचा बा, म्हणून तिचा जीव उगाच गलबलला. "नाव बी कसं जुनं ठेवलंय. आजकाल कोन ठेवतं?"

"सासूचं हाय," बाई म्हणाली. "मी काय त्यांना पायलं नाय. सासरे दर शिमग्याला भेटाया येत्यात, त्यांनीच सांगितलं, वारल्या म्हनून. यांनी डोकं भादरून दिवस घातले त्यांचे."