सुनेची घाई

सिस्टर सासूबाईंच्या उजव्या नडगीवर पेनानं बाण काढून गेली. थोड्याच वेळात ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर येणार होतं. सून खाटेच्या कडेला बसून साबणाच्या पाण्यानं त्यांच्या बोटात रुतलेली अंगठी काढत होती.

सासूबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

घोटा त्यांचा, दुखणंही त्यांचंच. हाडावर हाड घासत होतं, तरी त्यांनी रेटलं असतं. घाई होती ती सुनेला. सांधा जखडून टाकला तरी दुखायचं थांबेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण हीच हटून बसली. नाही, नवा सांधाच बसवा. त्यांना जिने चढता-उतरता यायला हवेत, बाजारहाट एकटीनं करता यायला हवा.

एकटीनं! त्या शब्दानं सासूबाईंच्या डोक्यात भुंगा सोडला होता. मग हिनं स्वयंपाकघरातले डबे खालच्या फळीवर आणले. वीजबिल फोनवरून कसं भरायचं, ते बसून शिकवलं. मुलगा तर दवाखान्याकडे फिरकलाही नव्हता. नवरा-बायकोचं काहीतरी शिजत होतं, नक्की.

"खरं सांग," त्या म्हणाल्या, "मला कुठं धाडायचं ठरवलंयत तुम्ही दोघांनी?"

सुनेचा हात थांबला.

"तुम्हाला कुठंच नाही, आई."

"मग ही सगळी तयारी कशाची?"

"मी जाणार आहे." सुनेनं मान वर केली नाही. "यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही भिंती धरत धरत चालता, तसं टाकून जायला पाय निघेना."

तेवढ्यात उशाशी ठेवलेला तिचा फोन वाजला. मुलाचा होता. त्याचा आवाज सासूबाईंनाही स्पष्ट ऐकू आला. पांढरा शर्ट कुठं ठेवलायस? एक वस्तू धड जागेवर ठेवता येत नाही का तुला? सुनेनं जागा सांगितली. त्यानं फोन ठेवून दिला. आईचं काही विचारलं नाही.

स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉयनं त्यांना उचलून त्यावर निजवलं, चादर घातली. चाकं हलली, तसं त्यांनी सुनेचं मनगट घट्ट पकडलं.

"मग आधी बोलायचंस ना गं," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीच करून घेतलं असतं."